सह्यांच्या वरची कोरी जागा

गुरुजी, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही. आज लिहायला बसलो ते आठवण आली म्हणून नाही, आठवण तर येतच असते. गेल्या मंगळवारपासून माझ्या हातून नको ते होत गेलं आहे. ते कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि वस्तीवर एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पोरगा आणि सून कंपनीच्या बसनं कामाला गेलेत, नात शाळेत आहे. तिच्या जुन्या वहीतली मागची कोरी पानं घेतली आहेत. दार लोटून घेतलं आहे, तरी दोनदा उठून बघून आलो, कुणी येत तर नाही.

आपली वस्तीवरची शाळा अजून आहे, हे आधी सांगतो. तुम्ही मेंढवाड्याच्या कडेला तट्ट्या लावून सुरू केली होती ती जागा तीच, आता तिथं दोन पक्क्या खोल्या आहेत, पुढं सिमेंटचा ओटा आहे. पोरं चौदा, पहिली ते चौथी, मास्तर एकच. गावातली शाळा मोठी, तिथं पोरं जास्त, मास्तर जास्त. गावचे हेडमास्तर उन्हाळ्यात रिटायर झाले आणि वरून हुकूम आला की आता दोन्ही शाळांना मिळून मुख्याध्यापक एकच. एक मॅडम आल्या. अजून पस्तिशीच्या आतल्या असतील, शहरातून, छावणी भागातून, स्कूटीवर येतात. पुढं असंही ठरलं की मुख्याध्यापक एक तर पालकांची समितीही एकच करा. गावच्या समितीचा अध्यक्ष पाटलांचा नातू. आमच्या वस्तीच्या समितीचा अध्यक्ष मी. हसू नका. दिवसा वस्तीवर दुसरं कुणी नसतं म्हणून मला केलं आहे. सगळे कामावर जातात, मागं मी, चार म्हाताऱ्या आणि शेळ्या.

तुमच्या वेळी दोन्ही शाळा तुमच्याच होत्या. त्याला कुणी हुकूम काढला नव्हता. सकाळी गावातली शाळा घ्यायचात आणि दुपारी सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडून आमच्याकडे यायचात. चपला एका हातात, धोतर गुडघ्यापर्यंत. आमच्यातला एकजण लिंबावर चढून बसलेला असायचा, तुम्ही दिसलात की ओरडायचा, आणि आम्ही मेंढ्या सोडून धावत यायचो. तेव्हा मधे फक्त ओढा होता. आता ओढ्यावर मोरी झाली आहे आणि मोरीच्या पलीकडून बिडकीनच्या कंपन्यांचा रस्ता गेला आहे. हा रस्ता तुम्ही पाहिला असता तर तुम्हालाही ओलांडता आला नसता. खडीचे हायवा, म्हणजे मोठाले डंपर, दिवसरात्र पळतात, त्यांना थांबायचं माहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या सात मेंढ्या एका दमात गेल्या. मेंढी एकदा बिचकली की रस्त्याच्या मधोमध उभी राहते, हे तुम्हाला माहीत आहे. सहा-सात वर्षांचं पोरही तेच करतं. माझी नात दुसरीत आहे. माझ्या डोळ्यांपुढून तो रस्ता हलत नाही.

मंगळवारी गावच्या शाळेत दोन्ही समित्यांची बैठक झाली. मी धुतलेला सदरा घालून तासभर आधीच गेलो आणि पायरीवर बसून राहिलो. पाटलांचा नातू आला, त्याला सगळे भाऊच म्हणतात. माणूस वाईट नाही. त्यानं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "आबा, खाली नका बसू. तुमच्या वस्तीची इज्जत हाय." मग मॅडमनी सांगितलं की एका समितीला एकच अध्यक्ष लागतो, कुणाला करायचं ते ठरवा. भाऊ म्हणाला, "आबालाच करा की. वयानं मोठं हायती. फकस्त आबा, दर बैठकीला कागद वाचावं लागतील बरं का, बैजवार." मागं दोघं-तिघं हसले. मला कानामागं गरम झालं. मी म्हणालो, "नको भाऊ, तुम्हीच व्हा." एवढं बोलायला पाण्याचा घोट घेण्याएवढाही वेळ लागला नाही. घरी येईपर्यंत लक्षात आलं की आपल्या हातात जे काय होतं ते मी तिथंच ठेवून आलो.

मला वाचता येतं, गुरुजी. सावकाश येतं. ओठ हलतात, एखाद्या जोडाक्षरावर अडकतो, परत मागून सुरू करतो. एकट्यानं वाचायला लाज नाही. चारचौघांत कुणी कागद पुढं केला की अक्षरं पातळ होतात.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला, वरच्या साहेबांचा असावा, त्या व्हरांड्यात गेल्या. त्या बाहेर असताना भाऊ बोलला ते मला शब्दाशब्दाला आठवतं. "मॅडम एक अन् शाळा दोन. त्या माऊलीनं एक पाय हितं अन् एक पाय तिथं ठिवायचा का? आज ना उद्या पोरं एका जागी आणावीच लागत्यात. आपल्याकडं पाण्याची टाकी हाय, पंखे हायत, घसरगुंडी हाय. वस्तीच्या पोरांसाठी मी जीप लावतो माझी. काय आबा?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते माझं मलाच सांगता येणार नाही. आमच्या वस्तीच्या दोन बायका होत्या त्यांनी पदर तोंडाला लावला. मॅडम घाईत परत आल्या, त्यांना तातडीनं मीटिंगला बोलावलं होतं. म्हणाल्या, "प्रोसिडिंगच्या पुस्तकात सगळ्यांनी सह्या करा, काय ठरलं तो मजकूर मी नंतर लिहिते." आमच्याकडं असंच चालतं. शाळेचं प्रोसिडिंग असो, ग्रामपंचायतीचं असो, खाली सह्या आधी होतात आणि वरची जागा मागून भरतात. लोकांना काम असतं, मजकूर होईस्तोवर कोण थांबणार? मी आजवर कित्येक कोऱ्या पानांवर सही केली असेल आणि माझी झोप कधी गेली नव्हती. त्या दिवशी अकराजणांनी सह्या केल्या. माझी तिसरी. पूर्ण नाव लिहिलं, तुम्ही शिकवलं तसं, शिरोरेघ न मोडता.

वस्तीवर पाय ठेवला तर हापशावर शेजारची म्हातारी हंडा भरत होती. "आबा, शाळा देऊन आलास व्हय?" मी म्हणालो, "कुणी सांगितलं?" "सांगायला कशाला लागतंय? गावात पेढं वाटायचं तेवढं राह्यलंय." ती चेष्टा करत होती का खरं सांगत होती कळेना. संध्याकाळी सुनेनं ताट वाढलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"मामंजी, जेवत का नाय?"

मी झालं ते सांगितलं.

"सही करायच्या आधी वाचायचं तरी."

"वाचायला काय होतं तिथं? कोरं होतं."

"मग तर लईच चांगलं केलं," ती म्हणाली आणि भाकरी परत दुरडीत ठेवली. नात मधेच म्हणाली, "आबा, तिकडं घसरगुंडी हाय. मला तिकडंच जायचंय." तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मला वाटलं, तो माझा होता.

त्या कोऱ्या जागेत आता काहीही लिहिता येणार होतं. वस्तीची शाळा गावात नेण्यास समितीची हरकत नाही, एवढी एक ओळ पुरली असती, आणि खाली माझी शिरोरेघ. तुम्ही असतात तर मी बस धरून शहरात उस्मानपुऱ्याला तुमच्या घरी आलो असतो. तुमचा तो जिना, वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभं राहायचं. एकदा बांधाच्या भांडणात तहसीलचा कागद आला होता तो घेऊन मी असाच आलो होतो. आई वारलेली, बायको बाळंतपणाला गेलेली, घाबरून गेलो होतो. तुम्ही बटाटे चिरत होता. कागद हातात घेतलाच नाही. म्हणालात, "हे तुला वाचता येतं. माझ्याकडं कशाला आणलंस?" मी म्हणालो, नीट येत नाही. "मग नीट येईस्तोवर वाच. मी बटाटे चिरतोय, मला घाई नाही." मी तो अख्खा कागद तिथं उभ्यानं मोठ्यानं वाचला. तीन वेळा वाचला. तिसऱ्या वेळी कळलं की मला फक्त एका तारखेला हजर राहायचं आहे, बाकी घाबरण्यासारखं काही नाही. मग तुम्ही मला रस्साभाजी वाढली, तिखट झाली होती. निघताना दोनशे पानी वही दिलीत आणि म्हणालात, मेंढ्या घेऊन जाशील तिथल्या मुक्कामाचं नाव रोज लिही, एका ओळीचं लिही, पण लिही. ती वही मी भरली. तिच्यामुळंच हे पत्र लिहितो आहे, नाहीतर माझा हात केव्हाच गेला असता.

गुरुवारी राहवलं नाही. नऊ वाजताच निघालो, मोरीवर बराच वेळ उभा राहून रस्ता ओलांडला, गावच्या शाळेत गेलो. खिचडी शिजवणारी बाई म्हणाली, "मॅडम? आत्ता तुमच्याकडंच गेल्या." परत रस्ता ओलांडला, वस्तीवर आलो. आमचे मास्तर म्हणाले, "पोरांची संख्या घेतली अन् गावाकडं गेल्या." तिसऱ्यांदा गेलो तर बाई हसायला लागली. "तुम्ही हिकडं आलात की त्या तिकडं जात्यात. एका जागी बसा आबा, खिचडी खा." मी बसलो नाही. परत फिरलो तेव्हा मॅडम मोरीवरच सापडल्या. हायवांच्या रांगेमुळं त्यांनाही थांबावं लागलं होतं, तोंडाला ओढणी बांधलेली, सगळी धूळ. मी हात वर केला.

त्यांनी स्कूटी कठड्याला लावली. मी विचारलं तर म्हणाल्या, प्रोसिडिंग सोबतच आहे. डिकी उघडली. दोन्ही शाळांचे शिक्के एका डब्यात, शाईचं पॅड, हजेरीचे तक्ते, डबा, छत्री आणि ते पुस्तक. म्हणाल्या, "बाबा, माझं ऑफिस हेच. दोन्ही शाळांना वाटतं मी दुसरीकडंच असते." आम्ही कठड्यावर बसलो. त्यांनी पान उघडलं. वर अजून कोरंच होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच परत वर आला, कारण त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. आजच लिहून टाकते. अध्यक्ष कोण ते मला माहीत आहे. मी फोनवर होते तेव्हा आणखी काही ठरलं का?"

गुरुजी, तेव्हा मला काय सांगता आलं असतं? काहीच ठरलं नाही, हे खरं होतं. भाऊ बोलला, कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. पण काहीच ठरलं नाही म्हटलं असतं तर पुढच्या बैठकीत ठरलं असतं, आणि तेव्हाही मी मानच हलवली असती. मी म्हणालो, "ठरलं."

"काय ठरलं?"

"मॅडम एक, कमिटी एक, पण शाळा दोन्ही आपापल्या जागी राहतील. वस्तीची पोरं चौथीपर्यंत वस्तीवरच शिकतील. रस्ता ओलांडणार नाहीत."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "भाऊ याला तयार झाले? मला तर ते वेगळंच म्हणत होते." मग म्हणाल्या, "खरं सांगू का बाबा, मला एका जागी सगळी पोरं आली तर सोपं जाईल. पण माझ्या सोयीचा प्रश्न नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत खाली. सगळ्यांसमोर ठरलं ना हे?"

मी म्हणालो, "व्हय."

त्या लिहायला लागल्या आणि मला आपली ती जुनी हजेरी दिसायला लागली. मी चौथीत होतो. तुम्हाला गावातून यायला उशीर व्हायचा म्हणून हजेरी भरायचं काम मला दिलं होतं. मी हुशारी केली, सोमवारीच शनिवारपर्यंतची हजेरी भरून ठेवली, काम उरकलं म्हणून खूश. बुधवारी आमच्यातली चार घरं मेंढ्या घेऊन निघून गेली. शुक्रवारी तपासणीला साहेब आले, तर चार पोरं शनिवारपर्यंत हजर. साहेबांनी तुम्हाला सगळ्यांसमोर झापलं, तुम्ही खाली मान घालून म्हणालात, चूक माझी आहे. ते गेल्यावर तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "जे घडलं नाही ते तू लिहिलंस. आता ते कुणाला खोडता येत नाही, मलाही नाही." आणि ओट्यावर एकटेच बसून राहिलात, पाणीसुद्धा घेतलं नाही. हे सगळं मला मोरीवर आठवत होतं आणि तरी मी तोंड उघडलं नाही. मॅडमचं पेन चालत होतं. हायवा गेले की कठडा हादरायचा आणि अक्षर वाकडं व्हायचं, त्या चुकचुक करायच्या.

लिहून झालं तेव्हा त्यांनी शिक्का मारून पुस्तक माझ्याकडं सरकवलं. मी वाचलं. पहिल्यापासून, ओठ हलवत, बोट फिरवत. 'सर्वानुमते' या शब्दावर थांबलो, परत वाचला. तो मी सांगितला नव्हता, त्यांनी सवयीनं घातला होता. त्या खाली अकरा सह्या. भाऊची सही सगळ्यात मोठी, खाली दोन ठिपके दिलेली. त्यानं न बघता सही केली ती मॅडमवर विश्वास ठेवून, आणि बाकीच्यांनी त्याचं बघून. मला भीती होती की माझ्या नावावर कुणीतरी भलतंच लिहील. ते मीच दहाजणांच्या नावांवर लिहवून घेतलं होतं. मॅडम म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला छान वाचता येतं की. उगीच लाजता." मी म्हणालो, आमच्या गुरुजींनी शिकवलं. त्यांनी तुमचं नाव विचारलं, मी सांगितलं.

तेव्हापासून दोन माणसं माझ्यात भांडतात. एक म्हणतो, चौदा पोरं रस्त्याच्या अलीकडं राहिली, बास. दुसरा म्हणतो, तुला काय माहीत? तिकडं पंखे आहेत, चार मास्तर आहेत, एका मास्तरापाशी चार वर्ग कसले शिकतात? तुझ्या भीतीपायी तू पोरांना दोन खोल्यांत कोंडलंस. नात रोज घसरगुंडीचं विचारते. पुढच्या मंगळवारी परत बैठक आहे, आणि बैठकीच्या सुरुवातीला मागचं प्रोसिडिंग मोठ्यानं वाचून दाखवतात. भाऊ ऐकेल. एकतर तो हसेल, नाहीतर सगळ्यांसमोर विचारेल, हे कधी ठरलं होतं आबा? मॅडम माझ्याकडं बघतील. मी काय बोलायचं ते रोज मनात ठरवतो आणि रोज वेगळं ठरवतो. कधी वाटतं, आत्ता जाऊन मॅडमना सांगावं, खोडा. पण शिक्का पडला आहे.

आणि अजून एक राहिलं आहे, त्यासाठीच खरं तर हा एवढा कागद लिहिला. शनिवारी मी बाजारातून येत होतो तेव्हा भाऊनं जीप थांबवली. पिशव्या माझ्या हातातून घेऊन मागं ठेवल्या, मला पुढं बसवलं. मग गाडी चालवता चालवता विचारलं, "आबा, तुम्ही मॅडमला मोरीवर भेटला व्हता म्हणं. पुस्तकात काय लिवलंय त्यांनी?" मी काचेतून बाहेर बघत होतो. म्हणालो, "मला कुठं वाचता येतंय, भाऊ." तो म्हणाला, "व्हय की, इसरलोच मी," आणि मोरीपर्यंत आला, खाली उतरून गाड्या अडवल्या, मला रस्ता पार करून दिला.

मॅडमशी खोटं बोललो त्याचं मी मंगळवारी काय ते बघून घेईन. पण वाचता येत नाही असं मी म्हणालो, गुरुजी. अडखळलो नाही. एका दमात म्हणालो.